डिकी, स्टेपनी आणि वरवंटा

मोटारीच्या मागच्या अंगाला सामान ठेवण्याची जी बंदिस्त जागा असते, तिला मराठीत 'डिकी' म्हणतात. आमच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना हा शब्द ऐकवत नाही. "बूट म्हणा, अगदीच अमेरिकेची हौस असेल तर ट्रंक म्हणा, पण डिकी म्हणजे काय?" असा त्यांचा सवाल असतो. मराठीचा अध्यापक या नात्याने उत्तर शोधणे मला भाग पडले. ते शोधताना मी शब्दांकडून वस्तूंकडे गेलो. मग त्या वस्तू वापरताना आपण जी चूक करतो, आणि जी मीही केली होती, तिच्यापाशी येऊन थांबलो.

प्रथम शब्दांचे पाहू. हे तिन्ही शब्द मोटारीहून जुने आहेत. सतराव्या शतकातील इंग्लंडात घोडागाडीच्या बाहेरच्या अंगाला, पायऱ्यांच्या आसपास, सेवकांनी बसण्याची जी उघडी जागा असे तिला 'बूट' म्हणत. कालांतराने गाडीवानाच्या आसनाखाली किंवा गाडीच्या पाठीमागे सामानाची जी पेटी येऊ लागली, तिच्याकडे हे नाव गेले. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी निघाली. पुढे या टपालगाड्यांवर मागच्या कुलूपबंद पेटीत टपाल असे आणि त्या पेटीवर पाय ठेवून सशस्त्र रक्षक बसे. सामान सुरक्षित ठेवायचे म्हणजे त्यावर माणूस बसवायचा, अशी ही सरळ व्यवस्था होती. 'ट्रंक'चा प्रवास वेगळा. झाडाचा बुंधा, मग बुंधा कोरून केलेली पेटी, मग कोणतीही मोठी पेटी आणि सरतेशेवटी अमेरिकेत मोटारीचा मागचा भाग. आपल्याकडे मात्र ट्रंक पेटीपाशीच थांबली. वसतिगृहात राहिलेल्या माझ्या पिढीला ट्रंक म्हटले की नाव रंगवलेली, कुलपाची कडी खडखडणारी पत्र्याची पेटीच आठवते. तो शब्द घरात आधीच नांदत असल्यामुळे मोटारीसाठी मोकळा नव्हता, असे मला वाटते.

राहिली डिकी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत 'डिकी' म्हणजे घोडागाडीतील गाडीवानाचे आसन. गाडीच्या पाठीमागे उघड्यावर असलेल्या सेवकांच्या आसनालाही हेच नाव होते. १९२० आणि १९३० च्या दशकांतील दोन आसनी मोटारींना मागे एक झाकण असे. ते उघडले की आतून जादा आसन निघे, त्यालाही 'डिकी सीट' म्हणत. मालक आत छपराखाली आणि डिकीतला पाहुणा ऊनपावसात, हा भेद त्यातही राहिलाच. झाकण बंद असले की त्याच पोकळीत सामान टाकता येई. आसन पुढे इतिहासजमा झाले, पोकळी राहिली आणि नाव पोकळीला चिकटले. आता तर आपण स्कूटरच्या आसनाखालच्या खणालाही डिकी म्हणतो; म्हणजे आसनाचे नाव अखेर आसनाच्या खाली गेले!

याच डिकीत राहणारी 'स्टेपनी' हीदेखील अशीच परागंदा. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर पंक्चर झाला की रस्त्यावरच दुरुस्ती करीत बसावे लागे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून आवळून बसवण्याचे जादा चाक तयार केले. गल्लीचे नाव चाकाला पडले आणि ते चाक साम्राज्यभर फिरले. आज लंडनच्या गॅरेजात स्टेपनी मागितली तर ती कोणाला कळेल असे वाटत नाही. आपल्याकडे मात्र पंक्चर काढणारा मुलगा ती सहज मागतो. डिकीतली स्टेपनी काढा, या साध्या वाक्यात इंग्रजांनी टाकून दिलेले दोन शब्द आपण जिवंत ठेवले आहेत. माझ्या स्नेह्यांना मी हेच ऐकवले. त्यांनी विषय बदलला.

असो. शब्दांवरून एक गोष्ट लक्षात येते, ती ही की बूट काय, ट्रंक काय किंवा डिकी काय, तिन्ही जागा मुळात प्रवाशांच्या दालनाच्या बाहेरच्या होत्या. आत माणसे आणि बाहेर सामान, यांत भिंत होती. आरंभीच्या मोटारीत तर सामानाला जागाच नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेल्या. शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात इंधन औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले आणि दुरुस्तीला टोपीची पिन व मोज्याचा पट्टा कामी आला. पुढे १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या मॉडेल टी जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी निघाल्या. त्यांच्या मालकांनीही सामान दाराखालच्या लांब पायरीवरच ठेवले. ते पडू नये म्हणून पायरीच्या कडेला बसवण्याची, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी उघडमीट होणारी लोखंडी जाळी विकत मिळे. मोटारीतील सामानाच्या जाळीचा हा मला दिसलेला जुना अवतार.

श्रीमंतांची गोष्ट निराळी. पॅरिसच्या लुई व्हितॉन यांनी १८५८ मध्ये सपाट झाकणाची, कापड मढवलेली पेटी काढली. तोवर पेट्यांची झाकणे पाणी ओघळावे म्हणून घुमटाकार असत आणि त्यामुळे एकीवर एक रचता येत नसत. त्यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी शतक संपता संपता खास मोटारीसाठी पेट्या बनवल्या. मागच्या लोखंडी मांडणीवर पेटी ठेवायची आणि कातडी पट्ट्यांनी आवळायची. धूळ आणि पाऊस आत जाऊ नये, ही सारी चिंता. अस्तर आणि बंधन या दोहोंचा हेतू तेव्हा सामानाचे रक्षण हाच होता.

हा हेतू आपल्यालाही परका नाही. बैलगाडीतून धान्य वा शेणखत न्यायचे तर गाडीला बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या लावीत. फटींतून दाणा सांडू नये म्हणून तो शेणाने सारवून घेत. बुरुडाने विणलेला तो तट्ट्या म्हणजे आजच्या डिकीतील मॅटचा सख्खा पूर्वज. तो गाडीच्या मापाचाच विणावा लागे; मापात चुकला तर वाटेत दाण्यांची रेघ पडे. वरून चऱ्हाटाने आवळले की काम झाले. सामान भरण्याच्या शास्त्रात आपण इंग्रजीला एक शब्दही दिला आहे. तिकडे गोणपाटाला 'गनी' म्हणतात, तो आपल्या 'गोणी'वरून गेल्याचे इंग्रजी कोशच सांगतात. आणि जाळीबद्दल म्हणाल तर घराघरांत टांगलेले शिंके होतेच. दुधातुपाचे भांडे दोरीच्या जाळीत अधांतरी ठेवायचे, म्हणजे ते कलंडणार नाही आणि मांजराच्या तोंडीही पडणार नाही.

१९३० च्या दशकात मागची पेटी मोटारीच्या अंगातच मुरली. हे स्थित्यंतर सावकाश झाले. फ्रान्समध्ये १९३४ साली आलेल्या सिट्रोएनच्या ट्रॅक्शन आव्हाँ मोटारीत सामानाची जागा आत होती, पण आरंभी तिला बाहेरून झाकणच नव्हते. मागचे आसन पुढे ओढून पेटी आत घालावी लागे. झाकण वर्षभराने आले. पुढच्या दशकांत अस्तराचाही प्रश्न आला, कारण आता तळाला उघडा पत्रा होता. १९६० च्या दशकातील अमेरिकी मोटारींत तो झाकायला चौकड्यांची नक्षी छापलेली रबरी मॅट घालीत, किंवा ठिपक्याठिपक्यांचा रंग उडवीत, म्हणजे ओरखडे दिसू नयेत. त्या मॅटखाली ओल साचे आणि पत्रा गुपचूप गंजे. जुन्या मोटारी हौसेने दुरुस्त करणाऱ्यांना आजही मॅट उचलली की आधी तांबेरा पाहावा लागतो.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. तिचेच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाले. या मोटारीला मागे स्वतंत्र डिकी, आणि डिकी व आसन यांत पक्का आडोसा. अस्तर म्हणून कोणी गोणपाट घाली, कोणी जुनी सतरंजी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत दोन हजारच्या दशकात डिकीमध्ये सीएनजीची टाकी आली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. म्हणजे इतिहास एका अर्थी मॉडेल टीच्या काळात परतला. ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली.

परंतु खरा बदल त्याआधी, १४ डिसेंबर १९८३ रोजी, झाला होता. त्या दिवशी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. जगात ही रचना नवी नव्हती. रेनॉची चार क्रमांकाची मोटार १९६१ पासून आणि फोक्सवागेनची गोल्फ १९७४ पासून अशाच मागच्या दाराने विकली जात होती. आपल्या मध्यमवर्गाला मात्र हॅचबॅकची ओळख मारुतीने करून दिली. या रचनेत सामानाची जागा आणि माणसांची जागा यांतील भिंत नाहीशी झाली. मध्ये उरली ती फक्त मागच्या आसनाची पाठ आणि वर एक हलका पुठ्ठेवजा फळा. आसनाची पाठ आडवी केली की तीही गेली. सोय झाली यात शंका नाही. कपाटाचे दार नेता येते, सायकल नेता येते. पण आपण तिला डिकीच म्हणत राहिलो, आणि डिकी म्हणजे बाहेरची, वेगळी, निरुपद्रवी जागा हा जुना समजही शब्दाबरोबर आत आला.

हा समज मीही बाळगून होतो. काही वर्षांपूर्वी गावाकडचे घर आवरून आईला पुण्याला आणायचे ठरले. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने निघालो. देव्हारा लांब असल्यामुळे मागच्या आसनाचा अरुंद भाग आडवा केला होता. रुंद भागावर आई आणि माझी मुलगी. देव्हाऱ्याच्या बाजूला तांब्याची भांडी, दोन घागरी आणि पंचात गुंडाळलेला वरवंटा. पाटा फार जड म्हणून मागेच ठेवला होता. वरवंटा मात्र आईला सोडवेना. घाट चढताना सारे सामान मागच्या दाराशी निमूट बसून होते. हेळवाक सोडल्यावर एका वळणावर गुरे आडवी आली. वेग चाळीसच्या आसपास असेल. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. वरवंटा थांबला नाही. आडव्या केलेल्या आसनावरून तो गडगडत आला आणि पुढच्या दोन आसनांच्या मधून येऊन गिअरच्या दांड्यावर आदळला. मुलीचा हात वाटेत असता तर, हा विचार त्या क्षणी कोणी बोलून दाखवला नाही. आई एवढेच म्हणाली, "अरे, त्याला बांधायचं नाही का?"

घरी आल्यावर मी शाळेतले गणित पुन्हा करून पाहिले. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर. एवढा वेग यायला एखादी वस्तू जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडावी लागते. पन्नासच्या वेगात गाडी भिंतीला धडकली तर मागचा मोकळा वरवंटा पुढच्या माणसाच्या मानेवर तिसऱ्या मजल्यावरून टाकल्यासारखा येतो. वाटेत आसनाची पाठ असली तर आधी तिने तो सोसायचा. युरोपात यासाठी नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १७ क्रमांकाच्या नियमावलीनुसार आसनांची परीक्षा घेताना सामानाच्या जागेत प्रत्येकी अठरा किलोचे, तीस सेंटिमीटर बाजूचे दोन ठोकळे मोकळे ठेवतात आणि सुमारे पन्नासच्या वेगातील धडकेइतका हिसका देतात. आसनाची पाठ जागेवर टिकली पाहिजे. अठरा किलो म्हणजे लग्नाहून परतताना आपण मागे भरतो त्याच्या निम्मेही नव्हे.

स्वीडनमध्ये निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा मोटारीत आणला. माणसाला बांधायचे हे तेव्हापासून जग हळूहळू शिकले. आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघर झाली. त्याच मागच्या आसनाच्या पाठीशी काय भरले आहे, याची चर्चा मात्र माझ्या ऐकिवात नाही.

यथावकाश मी मोटारीच्या सुट्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदार अगत्यशील होता. "सर, ही ट्रेसारखी मॅट घ्या, डिकीत एकदम फिट बसते. पाणी सांडलं तरी खाली जाणार नाही." जाळी मागितली तेव्हा तो थोडा गोंधळला. "जाळी? भाजीसाठी हवी का?" आणि त्याने रबरी दोऱ्यांची, चार कोपऱ्यांना प्लास्टिकचे हूक असलेली जाळी पुढे केली. दोष त्याचा नव्हे. दुकानात सहसा मिळते ती हीच जाळी. ती जमिनीवर पसरून आवळायची. लिंबे घरंगळत नाहीत, पिशवी आडवी होत नाही, एवढे तिचे काम. रबर ताणले जाते, म्हणून जोराच्या हिसक्याला ती धरत नाही. दुसरी, दोन्ही बाजूंच्या भिंतींत ताणलेली खिशासारखी जाळी, तीही किराण्यापुरतीच. जी माणसांना वाचवते ती तिसरी, आसनाच्या पाठीमागे छतापासून खाली उभी ताणायची, न ताणणाऱ्या जाड विणीची, छताजवळच्या आणि तळाच्या धातूच्या बिंदूंना अडकणारी. ती त्या त्या मोटारीसाठीच बनते. आपल्या बहुतेक हॅचबॅकना छतात तिच्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

तेव्हा उपलब्ध वस्तूंतूनच मार्ग काढावा लागला, आणि येथे मॅटची निवड मला वाटली होती त्याहून महत्त्वाची निघाली. कडा उचललेली ट्रेसारखी मॅट कोकणातून मासळी आणणाऱ्याला वरदान आहे हे मान्य. पण तिचा गुळगुळीत, कडक पृष्ठभाग म्हणजे घसरगुंडी. बोट दाबून ओढल्यावर अडते ती मॅट घ्यावी. रबराच्या उभ्या-आडव्या खाचांची किंवा मऊ, खरखरीत पृष्ठभागाची. वास घेऊन पाहावा. हलक्या रबराला दुकानातच उग्र दर्प येत असेल, तर मे महिन्यात बंद गाडीत तो असह्य होतो. 'सगळ्या गाड्यांना बसणारी' म्हणून मिळते ती मॅट कात्रीने कापून बसवावी लागते. मी ती आधी दोन तास उन्हात पसरून घड्या मोडू दिल्या, मग खडूने चाकांच्या कमानींची वळणे आखली आणि रेघेच्या बाहेर बोटभर राखून कापली, कारण कमी करता येते, वाढवता येत नाही. अशा मॅटचा मोठा दोष असा की सामान बांधण्यासाठी कारखान्यानेच तळाशी दिलेल्या कड्या तिच्याखाली झाकून जातात. माझ्या गाडीत अशा कड्या आहेत, हे मला मॅट कापायला घेतल्यावर कळले! त्या जागी चौकोन कापून कड्या वर काढल्या. स्टेपनीचे झाकण मॅटसकट उचलता येते ना, तेही पाहून ठेवले. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मॅट उचलून खालची ओल पुसतो. अमेरिकी तांबेरा मनात आहे.

रबरी जाळी मी घेतली, पण तिला प्लास्टिकच्या अस्तरात स्क्रूने हूक ठोकून द्यायला नकार दिला. असा हूक पहिल्याच हिसक्याला अस्तरासह हाती येईल. जाळी कड्यांनाच अडकवली. ती कड्यांमधील अंतराहून थोडी लहान असावी, म्हणजे रिकामी असतानाही ताठ राहते. जड वस्तूंसाठी मालवाहू गाड्यांवर वापरतात तसे खटका लावून आवळायचे दोन रुंद पट्टे आणले. जड सामान तळाला, आसनाच्या पाठीला टेकवून. हलके त्याच्या वर. आणि आसनाच्या पाठीहून उंच काही रचायचे नाही. मागच्या आसनावर कोणी नसेल तर तिथले पट्टेही लावून ठेवतो, तेवढाच पाठीला आधार. आसन आडवे केले असेल, तर त्या बाजूला मोकळी वस्तू ठेवायची नाही.

सारे बसवून झाल्यावर आई बघायला खाली आली. जाळीला हात लावून म्हणाली, "शिंकंच की रे हे. आडवं बांधलंयस." मग तिने पाट्याचा विषय काढला. तो अजून गावच्या घरातच, मागच्या पडवीत भिंतीला टेकवलेला आहे. वजन तीस किलोंच्या वर भरेल. येत्या मे महिन्यात तो आणायचा आहे. त्याची जागा आखून ठेवली आहे. तळाला, मधोमध, आसनाला टेकून, दोन पट्ट्यांखाली. मुलगी त्या दिवशी पुढे बसेल.